खाल्ल्या घरचे वासे

मी बरोबर उत्तर दिलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

आमच्या लोश गावच्या शाळेत बरोबर उत्तराला पाद्रीबाबा पाठ थोपटायचे. एखाद्या रोमन माणसाचं वर्णन वाचायचं, नाव झाकून ठेवायचं, आणि आम्ही ओळखायचं. मी नेहमी पहिला. एवढ्या भांडवलावर पॅरिस गाठलं आणि तिथल्या 'मारे' नावाच्या भागातल्या मोर्साल हवेलीत बाईसाहेबांचा वाचक म्हणून लागलो. काम सोपं. उभं राहून स्पष्ट आवाजात वाचायचं. बसायचं नाही, मत द्यायचं नाही. यातली दुसरी अट मला कुणी सांगितली नव्हती, कारण ती सांगावी लागेल असा माणूस त्या घरात आधी कधी आलाच नव्हता.

मंगळवारी दिवाणखान्यात शब्दचित्रांचा खेळ चालायचा. कुणीतरी एका माणसाचं चित्र शब्दांत उतरवायचं, वर एक ग्रीक नाव चिकटवायचं, मी ते वाचायचं आणि पाहुण्यांनी माणूस ओळखायचा. खेळाची गंमत अशी की तो बरोबर ओळखायचा नसतो. चित्र खोलीत बसलेल्या कुणाचं असेल तर सगळ्यांना ते कळलेलं असतं, ज्याचं असतं त्याला सर्वांत आधी. मग सगळे मिळून ते गैरहजर असलेल्या एखाद्या डचेसच्या माथी मारतात. अळीमिळी गुपचिळी. ज्याला टोचायचं त्याला टोचून झालेलं असतं आणि कुणाच्या अंगावर ओरखडा नसतो.

नोव्हेंबरातला सेंट मार्टिनचा सण नुकताच झाला होता. त्या मंगळवारचं चित्र 'दोरिस' नावाच्या बाईचं होतं.

मी वाचलं : "दोरिस कुणालाही नाही म्हणत नाही. नाही म्हटलं की माणूस निघून जातो, आणि माणसं निघून गेली तर तिच्या दारात थांबणार कोण? म्हणून ती 'बघू' म्हणते. तिच्या 'बघू'वर माणसं म्हातारी झाली आहेत. तिच्याकडे दागिने आहेत, शेती आहे, पण तिची खरी श्रीमंती म्हणजे वाट पाहणारी माणसं."

पाहुण्यांनी टाळ्या दिल्या. तुर्नेल नावाचे एक आबे, म्हणजे धर्मगुरू, होते, अंगात धर्माचा झगा आणि तोंडात सदैव बदामाची वडी. ते म्हणाले, "ही तर रूआँची ती विधवा!" दुसरा म्हणाला, छे, ही अमुक डचेस. बाईसाहेब पंख्याआडून हसत होत्या. हसता हसता त्यांची नजर माझ्यावर पडली.

"आणि आमच्या लोशच्या विद्वानांना काय वाटतं?"

पाद्रीबाबांचा हात मला पाठीवर जाणवला.

"बाईसाहेब," मी म्हणालो, "ह्या तर तुम्हीच!"

आबेंचं वडी चावणं थांबलं. मग बाईसाहेबच हसल्या, अगदी गोड, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही किती छान लिहिता!"

ते गोद्रीमास्तर. त्यांचीच ही गोष्ट.

आन्सेल्म गोद्री हे सेंलिस गावच्या एका मेणबत्तीवाल्याचे चिरंजीव. धर्मगुरू व्हायला निघाले आणि अर्ध्या वाटेत बाईसाहेबांच्या मुलाचे मास्तर झाले. मुलगा मोठा झाला, पलटणीत गेला; मास्तर मागे राहिले, जसा त्या मुलाचा लाकडी घोडा मागे राहिला. घोड्याला निदान पुसत तरी असत. मास्तरांनी मग आपला उपयोग शोधून काढला. ते बाईसाहेबांना वाक्यं पुरवू लागले. सकाळी बाईसाहेबांची वेणीफणी चालू असताना मास्तरांनी म्हटलेलं वाक्य संध्याकाळी बाईसाहेबांना सुचायचं, आणि त्या हजरजबाबी म्हणून पॅरिसभर गाजल्या. मोबदल्यात पोटमाळ्यावर एक खोली, सरपणाची टोपली, आणि खाली दुसऱ्या पंगतीला जागा. या पंगतीला कारभारी, चिटणीस, मोठ्या नोकराण्या बसत. मास्तरांची थोरली बहीण पेरीन त्यांच्याबरोबर राहायची. तिचं आयुष्य लेस विणण्यात गेलं होतं आणि बोटं आता आल्याच्या गाठींसारखी झाली होती. तिला मठात एक कायमची जागा मिळवून द्यायचं वचन बाईसाहेबांनी फार पूर्वी दिलं होतं. 'बघू' म्हणाल्या होत्या.

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल की दोरिस त्यांनी नुसत्या शाईत लिहिली नव्हती.

मास्तर काही संत नव्हते. बदकाची भाजलेली कातडी दिसली की त्यांची तत्त्वं वितळायची. तुर्नेल आबेंवर ते जळायचे. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून कुणी हसलं की त्यांचे ओठ नकळत हलायचे, आई लेकराला भरवताना स्वतः तोंड उघडते ना, तसे. पण माणूस त्यांना काचेसारखा आरपार दिसायचा. मी पहिल्यांदा हवेलीत आलो तेव्हा माझ्या मोज्यांना गुडघ्याशी ठिगळं होती. मास्तरांनी आपले लोकरीचे पांढरे मोजे काढून दिले. "घाल. ठिगळाचं ज्ञान या घरात चालतं, ठिगळाचा मोजा नाही." परत कधी देऊ विचारलं तर म्हणाले, "तुला स्वतःचे मिळतील तेव्हा. म्हणजे तू माझ्यासारखाच निघालास तर कधीच नाही."

तर, त्या मंगळवारनंतर काय झालं? काहीच नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी मास्तरांना जा म्हटलं नाही.

बुधवारी दुसऱ्या पंगतीला त्यांच्या जागेवर नॅपकिन नव्हता.

एवढंच. ताट नाही, पाव नाही, नॅपकिन नाही. जिथे असायचा तिथे लाकूड दिसत होतं. मास्तर आले, खुर्चीमागे उभे राहिले. सगळ्यांना अचानक आपल्या सुपाच्या वाडग्यात काहीतरी सापडलं. मास्तर म्हणाले, "आज भूक नाही," आणि वर गेले. शनिवारी जिन्यावरची सरपणाची टोपलीही आली नाही.

मी बेर्तो कारभाऱ्याला गाठलं. "बाईसाहेबांनी सांगितलं का तसं?"

"बाईसाहेबांनी काही सांगितलं नाही."

"मग?"

"अरे बाबा, तेच तर!" तो वैतागला. "काही सांगितलं असतं तर मी विचारलं असतं, परत देऊ का म्हणून. न सांगितलेलं मागे कसं घेऊ?"

मी माझा अर्धा पाव खिशात घालून पोटमाळ्यावर गेलो. पेरीनमावशी गोधडीत गुंडाळून बसली होती.

"आला का खरं बोलणारा?" ती म्हणाली. "ये, बस. तुझ्या आईने तुला गाढविणीचं दूध पाजलं का रे?"

"मावशी, चुकलं माझं."

"त्याला काय बोलतेस?" मास्तर खिडकीपाशी उभे होते. "त्याला नियम माहीत नव्हता. मला माहीत होता आणि त्याच्या भरवशावर मी शूर झालो. जो नेहमी खरं बोलतो त्याच्याकडे एक तर भरपूर असतं किंवा काहीच नसतं. माझ्याकडे एक नॅपकिन होता, हे मी विसरलो. थोरांच्या घरी माणसाला हाकलत नाहीत, पोरा. विसरतात. हाकललं तर निदान रस्त्यात उभं राहून शिव्या देता येतात."

"वाक्य चांगलं आहे," मावशी म्हणाली. "जाळता येतं का?"

मास्तरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"तुला एवढी माणसं कळतात, आन्सेल्म. मग एकाकडून एक लाकूड का आणवत नाही तुला?"

या प्रश्नाचं उत्तर मी पुढे बऱ्याच हुशार लोकांना विचारून पाहिलं आहे.

मी म्हणालो, तुर्नेल आबेंकडे जातो. मास्तरांची कितीतरी वाक्यं त्यांनी आपल्या प्रवचनांत खपवली होती. मास्तरांचे डोळे चमकले. "जा जा. काय होईल सांगू? आधी तुला खुर्ची देईल. खुर्ची आधी मिळाली की समज, दुसरं काही मिळणार नाही. मग माझी स्तुती करेल. स्तुती जितकी लांब तितका हात आखूड. शेवटी विचारेल, म्हातारा आजारी आहे का? आजारी असलो तर देवावर सोपवता येईल ना!"

आबेंनी मला खुर्ची दिली. मी बसलो. मग मास्तरांच्या बुद्धीवर इतका वेळ बोलले की वाटीतल्या वड्या संपल्या. मग पुढे वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "प्रकृती वगैरे बरी आहे ना त्यांची?"

आणि मला हसू आलं. दाबलं तर नाकातून आलं. आबेंनी मला दारापर्यंत पोचवायला स्वतःच्या नोकराला सांगितलं, हाताला धरून.

रिकामा परत आलो तर मास्तर जिन्यातच उभे. "खुर्ची दिली ना?"

"दिली."

"आणि प्रकृती?"

"विचारली."

"बघ!" त्यांनी मांडीवर थाप मारली. एखाद्याला गाडाभर सरपण मिळाल्यावर व्हावा तसा आनंद झाला त्यांना. मग आतून मावशीचा खोकला ऐकू आला आणि तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावरून कुणी फडक्याने पुसल्यासारखा गेला.

नाताळ असाच गेला, माझ्या अर्ध्या पावावर आणि एका नोकराणीने चोरून दिलेल्या हाडांच्या रश्श्यावर. आणि मग सतराशे नऊ सालची ती थंडी आली. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, आम्ही उठलो तर सेन नदी दगड झाली होती. सणाच्या केकमध्ये लपवलेला घेवड्याचा दाणा यंदा कुणाला सापडला हे विचारायचंही कुणाला सुचलं नाही. तळघरात दारूच्या बाटल्या फुटत होत्या, दौतीत शाई गोठत होती. बागेतली झाडं बंदुकीसारखा आवाज करून उभी चिरत होती. पोटमाळ्यावर मावशीची बोटं निळी झाली. मास्तर ती आपल्या काखेत धरून बसत, आणि ती म्हणे, "गुदगुल्या करतोस का, या वयात?" पण आवाज पार खाली गेला होता.

मी वर गेलो तेव्हा मास्तर लिहीत होते. दौत पोटाशी धरून ऊब देत होते.

"ऐक. या मंगळवारी मी खाली येणार. मला कुणी अडवणार नाही. अडवायचं तर आधी माझ्याकडे बघावं लागेल. हे माझंच चित्र आहे. निकांदर नाव दिलंय. तू वाच. लोक कुणाकुणाची नावं घेतील. मग बाई तुझ्याकडे बघतील. त्या दिवसाचं उट्टं काढायची अशी संधी त्या सोडणार नाहीत. तेव्हा तू मोठ्याने म्हण, 'हे तर आपले गोद्रीमास्तर!' सगळे हसतील. मी मान खाली घालेन. बाई हसल्या की त्यांना मोठ्या मनाचं व्हावंसं वाटतं. तेवढ्यात टोपली परत सुरू होईल."

"मास्तर, मला नाही जमणार ते."

"एकदा न सांगता जमलं. आता सांगितल्यावर जमत नाही?"

मावशीने गोधडीतून मान बाहेर काढली. "अरे गाढवा, तुझ्याकडून आयुष्यात एकदा बरोबर उत्तराची गरज पडलीय. दे की!"

मी हो म्हणालो.

मंगळवारी मास्तर खाली आले. कोटाबाहेर दिसणाऱ्या सदऱ्याच्या बाह्या मळ झाकायला खडूने घासून पांढऱ्या केल्या होत्या. कोणी हूं की चूं केलं नाही. मी वाचायला लागलो.

"निकांदर खाल्ल्या घरचे वासे मोजतो. दुसरं काही त्याला दिसतच नाही, कारण त्याला झोपायला वाशांखालचीच जागा मिळाली आहे. त्याला सगळ्यांचे दोष दिसतात आणि सगळ्यांचं जेवण लागतं. जेवताना तो दोष विसरतो, भूक लागली की पुन्हा आठवतो. त्याने एकदा आपल्या दात्याला चावून पाहिलं. दात पडले ते त्याचेच. आता तो दारात बसला आहे आणि शेपूट हलवतो आहे. शेपूट हलवताना कुत्रा तरी लाजत नाही. निकांदर लाजतो, आणि लाजतो म्हणून कुत्र्याहून स्वतःला थोर समजतो."

हशा झाला. आबेंनी डोळे पुसले. "हा तर तो तुलूझचा कवी!" कुणी म्हणालं, नाही, हा माझा मेहुणा. बाईसाहेब हसत होत्या, खरंच, मनापासून. त्यांनी पंखा मिटला. जसं ठरलं होतं तशीच त्यांची नजर फिरत माझ्यावर आली.

"आणि लोशचे विद्वान?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत विनवणी होती आणि हुकूमही. खडू लावलेल्या बाहीतून त्यांचं मनगट बाहेर आलं होतं, हाड आणि वर कातडं. एवढ्या माणसांत त्या मनगटाकडे बोट दाखवायचं, आणि तेही मी? मला एकदम काहीतरी उमदं सुचलं.

"बाईसाहेब," मी म्हणालो, "हा निकांदर म्हणजे मीच."

मग बाईसाहेबांचा हात छातीवर गेला. "अगं बाई! किती उमदं मन!" आबे म्हणाले, खेड्यातल्या माणसांतच अजून हे उरलंय. बाईसाहेबांना मोठ्या मनाचं व्हावंसं वाटलंच. मास्तरांचा अंदाज कधी चुकत नसे. बाईंनी बेर्तोला हाक मारली. "या पोराला आजपासून दुसऱ्या पंगतीला बसवत जा. आणि खोलीत सरपण पोचतं ना त्याच्या?"

एका संध्याकाळी दिवाणखान्यात जेवढी दया असते तेवढी सगळी मला मिळाली. मास्तरांनी मान खाली घातली होती, ठरल्याप्रमाणे. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

सरपणाची टोपली खोलीत आली तशी मी उचलून पोटमाळ्यावर नेली. मावशी म्हणाली, "आला गाढव. लाकडं वाहणं, हे जमतं त्याला." मास्तरांनी विस्तव पेटवला.

"तुला वाटलं, तू मला वाचवलंस," ते म्हणाले. "तू तिथे कसा दिसशील ते तू वाचवलंस. दया करताना माणूस सहसा आरशात बघत असतो. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं. म्हणूनच तर तुला माफ करता येत नाही मला."

"मी रोज टोपली आणेन, मास्तर."

"आण," मावशी म्हणाली. "त्याचं ऐकू नकोस. तू आण."

आणलीही असती. पण दोनच दिवसांनी बाईसाहेबांना त्यांची संत्र्याची झाडं आठवली. कुंड्यांतली, लहान, इटलीहून आणवलेली. काचघरात ती मरायला लागली होती. स्वयंपाकघराचं धुराडं पोटमाळ्यावरच्या खोलीच्या भिंतीतून जातं, भिंत जराशी कोमट असते, हे कुणीतरी सांगितलं. बाईसाहेब म्हणाल्या, "रिकामीच आहे ना ती खोली?"

बेर्तो माझ्यासमोर उभा होता. मीही त्याच्यासमोर उभा होतो, सकाळची पत्रं हातात घेऊन. तो म्हणाला, "हो, बाईसाहेब."

आणि मी? मला विचारलं नव्हतं. न विचारता बोलल्याने काय होतं ते मी शिकलो होतो. फार चांगला विद्यार्थी होतो मी.

दुपारी नोकर कुंड्या घेऊन वर आले. झाडांच्या मुळांना कांबळी गुंडाळली होती. पाठोपाठ फुललेल्या कोळशांची मोठी शेगडी आली. बेर्तो दारात चुळबुळत म्हणाला, "मास्तर, खोली रिकामी आहे असा समज आहे. माझ्या हातात नाही काही."

मावशी त्या शेगडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला कुंडीत ठेवा. मी जागा फार खाणार नाही."

बेर्तो खाली निघून गेला. मास्तर हसले नाहीत. वाक्य चांगलं होतं तरी हसले नाहीत, तेव्हा मी घाबरलो.

पॅरिसच्या उत्तरेला सें-देनी गावात त्यांची एक चुलतबहीण होती, मेणबत्त्यांचं दुकान चालवणारी विधवा. तिच्याकडे जायचं ठरलं. गाड्या बंद होत्या, चालतच. मावशीला आम्ही गोधडीसकट पडद्याच्या जुन्या कापडात गुंडाळलं. फाटकाशी मी खाली बसून पायांतले मोजे काढायला लागलो. लोकरीचे होते, मावशीच्या हातांना झाले असते.

"हे काय करतोस?" मास्तर म्हणाले. "आज पाहुणे आहेत. दिवाणखान्यात उघड्या पोटऱ्यांनी उभा राहणार आहेस का?"

"मास्तर, घ्या ना."

"नंतर दे. माझं तुझ्याकडे काहीतरी येणं राहिलेलं बरं. नाहीतर तू मला लवकर विसरशील. आणि तू विसरशील, तसा चांगला मुलगा आहेस."

मावशीने गुंडाळ्यातून एक निळं बोट बाहेर काढून माझ्या गालाला लावलं. "पाव खात जा पूर्ण," ती म्हणाली. दोघं एकमेकांना धरून उत्तरेकडे गेली. बर्फावर मास्तर दोनदा घसरले आणि दोन्ही वेळा मावशीने सावरलं.

मी पंगतीला जेवलो. माझ्यापुढे नॅपकिन होता.

वसंतात रस्ते मोकळे झाले तसा मी मोजे धुऊन, वाळवून, घडी करून सें-देनीला गेलो. दुकान लगेच सापडलं. विधवा चांगली जाडजूड, लाल गालांची, दुकानात ऊब भरपूर. मी नाव सांगितलं : आन्सेल्म गोद्री आणि त्यांची बहीण, जानेवारीत इकडे आले होते.

तिने लगबगीने आतून स्टूल आणलं. "बसा ना!"

मी उभाच राहिलो.

"आन्सेल्म!" ती म्हणाली. "काय बुद्धी होती हो त्याची! आमच्या अख्ख्या कुळात तसा कुणी झाला नाही. लहानपणी लॅटिन काय बोलायचा! आमचे वडील म्हणायचे..." ती बोलत राहिली. ती कितीतरी वेळ बोलत राहिली. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. स्टुलाकडे बघून बोलत होती. मग म्हणाली, "नाही हो, इकडे नाही आले. आले असते तर ठेवून घेतलं नसतं का? बरे आहेत ना? का काही आजारी होते?"

मला यावेळी हसू आलं नाही.

माझ्या हातातल्या पुरचुंडीकडे तिचं लक्ष गेलं. "त्याचं काही आहे का? ठेवून जा, कधी आला तर देईन मी."

"नको," मी म्हणालो, "ते त्यांनाच द्यायचंय."

परतताना वाटेतल्या प्रत्येक चर्चच्या आवारात नव्या मातीचे ढिगारे होते, कुणाची नावं नसलेले. संध्याकाळी दिवाणखान्यात पाहुणे होते. माझे स्वतःचे मोजे अजून धोब्याकडून आले नव्हते, म्हणून मी ती पुरचुंडी सोडली.